सुजाता, तुझ्या त्या चालणाऱ्या पेशी

सुजाता, तुला जाऊन पंधरवडाही झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. दुसरं काही सुचत नाही. रडायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो, तेवढा आता उरलेला नाही. ऑफिसात सगळे म्हणाले, सुट्टी घ्या मॅडम. घेतली. घरी बसून काय करायचं ते मात्र कुणी सांगितलं नाही.

तुझ्या संस्थेने वर्तमानपत्रात छोटी चौकट दिली होती. तुझ्या पदव्या, तुझं पद, आणि खाली 'मेंदूतील गाठींच्या वाढीत पेशीबाह्य प्रथिनांची भूमिका या विषयावर मौलिक संशोधन'. तू वाचलं असतंस तर म्हणाली असतीस, "वा. कुणालाही काहीही कळू नये याची चांगली काळजी घेतलीय." तू जिन्यावर घसरलीस, मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, आणि घरी सोडायच्या आदल्या दिवशी पायातली गुठळी फुप्फुसात गेली, यातलं काहीच त्या चौकटीत नाही. 'अल्प आजाराने' एवढंच आहे. मी तुझ्यासाठी घरून वरणभात घेऊन निघाले होते. डबा अजून घासून ठेवायचाय.

विद्यापीठाच्या वसतिगृहात आपण एका खोलीत आलो तेव्हा तू चंद्रपूरची आणि मी कऱ्हाडची, एवढंच आपल्यात सारखं होतं, की दोघींनाही पुणं कळत नव्हतं. तू पाणी तापवायच्या रॉडवर स्टीलच्या डब्यात अंडी उकडायचीस आणि मी दाराशी पहारा करायचे. तुझ्या टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती होती, तिच्या मांडीवर तू केसांच्या पिना ठेवायचीस. मी एकदा म्हटलं, "अगं, देव आहे ना तो?" तर म्हणालीस, "देव नाही, म्हणून तर ठेवते."

तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. एमएस्सी झाल्यावर मी त्यातल्या एकात नाव घातलं आणि तुला भीत भीत सांगितलं. तुला पीएचडीला जागा मिळाली होती. तू रागावशील असं वाटलं होतं. तू फक्त म्हणालीस, "जा की. दोन हजार साल यायच्या आत कुणीतरी कॉम्प्युटरची घड्याळं नीट करायलाच हवीत." मी खरंच तेच करत वर्षभर अमेरिकेत राहिले, परत आले, अविनाशशी लग्न केलं आणि पुढे खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत जाऊन बसले. तू तुझ्या प्रयोगशाळेतच होतीस. दर भेटीत आपलं ठरलेलं.

"अजून तेच?"

"अजून तेच. तुझं?"

"नवीन प्रोजेक्ट."

"म्हणजे तेच, नाव नवीन."

चंद्रपुरातून आलेल्या मुलीला पुण्याने मराठी नाही शिकवलं, खवचटपणा शिकवला.

तुझं काम नक्की काय ते मला एकदाच नीट कळलं, आणि तेही आमच्या जेवणाच्या टेबलावर. अविनाशने विचारलं होतं. त्याला यंत्रांतलं सगळं कळायचं, शरीरातलं काही नाही. तू म्हणालीस, "मेंदूत पेशी असतात एवढं शाळेत शिकवतात. दोन पेशींच्या मध्ये काय असतं, हे कुणी विचारत नाही. तिथे पोकळी नसते. प्रथिनांचं आणि साखरेच्या लांब साखळ्यांचं जाळं असतं. पेशी त्यालाच धरून असतात. गाठीतल्या पेशी काय करतात, तर स्वतःच नवी प्रथिनं बाहेर टाकतात, त्यांना धरतात, पुढे सरकतात, आड येणारं जाळं विरघळवतात. म्हणून ती गाठ नुसती फुगत नाही. ती पसरते."

"आणि तू काय करतेस?" अविनाशने विचारलं.

"त्या कशाला धरतात ते बघते. धरायलाच मिळालं नाही तर काय होईल ते बघते."

"काय होतं?"

"कधी थांबतात. कधी नाही. आमटी दे इकडे."

पुढे काही वर्षांनी अविनाशने कारखान्यात एका कामगाराला 'पाना दे' ऐवजी 'पेला दे' म्हटलं. सगळे हसले, तोही हसला. मग घरी असे शब्द चुकायला लागले. डाव्या बाजूला, शब्द असतात तिथेच, गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर सर्जन म्हणाले, "दिसली तेवढी सगळी काढली." मी पेढे आणायला निघाले होते. तू मला कॉरिडॉरमध्ये थांबवलंस आणि म्हणालीस, "नीलू, 'दिसली तेवढी' असं म्हणालेत ते."

मी तिथेच तुला विचारलं. आठवतंय ना? "तू इतकी वर्षं हेच करतेयस ना? मग काहीतरी असेलच तुझ्याकडे."

"आहे. काचेच्या डिशमध्ये."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याच्यासाठी काही नाही."

"मग केलंस काय गं इतकी वर्षं?"

तो प्रश्न चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. तुलाही वाटला नव्हता. तू म्हणालीस, "बरोबर विचारलंस." पुढे उत्तर दिलं नाहीस. ते उत्तर ऐकायचं राहिलंय, सुजाता. हे पहिलं भांडण.

तुझ्या प्रयोगशाळेत यायचा हट्ट अविनाशचाच. म्हणाला, "मशीन बिघडलं तर मी आधी उघडून बघतो. ही गाठ बघायला नको?" रेडिएशन नुकतं संपलं होतं, डोक्यावर टोपी होती. तू त्याला स्टुलावर बसवलंस आणि कॉम्प्युटरवर फिल्म लावलीस. कुणाच्या तरी गाठीतल्या पेशी, दिवसभराची हालचाल मिनिटाभरात. एका बाजूला नुसतं प्लास्टिक होतं, तिथे त्या गोल होऊन पडून होत्या. दुसऱ्या बाजूला तू प्रथिनाचा थर दिला होतास. तिथे त्यांनी पाय काढले होते. एक पाय पुढे टाकायचा, तिथे धरायचं, मागचं अंग ओढून घ्यायचं. चालत होत्या.

अविनाश वाकून बघत होता. म्हणाला, "दिसायला काही वाईट नाहीत."

"नाहीतच," तू म्हणालीस. "आपल्याच असतात."

तेवढ्यात खालून वॉचमनचा निरोप आला, गाडी आड येतेय, काढा. मी गेले. गाडी लावून वर आले तर फिल्म पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती. मला काही कळलं नाही. परत जाताना स्वारगेटच्या सिग्नलला, चहूबाजूंनी हॉर्न वाजत असताना, अविनाश म्हणाला, "नीलू, मी तिला विचारलं, किती दिवस. तिने सांगितलं."

मी त्याला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनाही सांगू दिलं नव्हतं. सासूबाईंना, दिरांना, सगळ्यांना गप्प केलं होतं. आणि तू एका फिल्मपुढे बसून सांगून टाकलंस.

घरी पोचताच मी तुला फोन केला. "तुला कुणी अधिकार दिला?"

"त्याने विचारलं."

"तू माहीत नाही म्हणू शकत होतीस!"

"म्हटलं असतं तरी त्याला कळलंच असतं, नीलू. मग ते त्याला एकट्याला कळलं असतं."

"पुन्हा माझ्या घरी येऊ नकोस."

"बरं," म्हणालीस. पुण्यात राहून तू हे 'बरं' शिकलीस. त्याच्यापुढे माणसाला काही बोलताच येत नाही.

पुढच्या गुरुवारी बेल वाजली. मी दार उघडलं. "त्याने बोलावलंय," तू म्हणालीस आणि माझ्या बाजूने आत गेलीस. मग दर गुरुवारी आलीस. संस्थेतून निघायचीस, स्वारगेटला बस बदलायचीस, आमच्याकडे दोन तास बसून पुन्हा बस धरून कात्रजला घरी. मी तुला चहा द्यायचे, बोलायचे नाही. तू चहा प्यायचीस, तूही बोलायची नाहीस.

त्याचे शब्द जात चालले होते. तो "ते... ते..." करायला लागला की आम्ही सगळे धावायचो. पाणी? औषध? चष्मा? टीव्ही? तो वैतागून हात झाडायचा. तू कधीच शब्द पुरवला नाहीस. खुर्ची ओढून समोर बसायचीस आणि थांबायचीस. एकदा किती वेळ गेला असेल कोण जाणे, मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, तू जागची हलली नाहीस. शेवटी त्याच्या तोंडून शब्द निघाला, "कढीपत्ता." गच्चीतल्या कुंडीला पाणी घालायला सांगत होता तो. किती खूश झाला! तू उठून पाणी घातलंस. मी ओट्याला धरून उभी होते.

त्या महिन्यांत त्याने सगळी आवराआवर केली. कोल्हापूरच्या भावाशी बोलणं तुटलं होतं, त्याला बोलावून घेतलं. मी परदेशातल्या कुठल्याशा उपचाराची माहिती इंटरनेटवरून काढून ठेवली होती, ती बाजूला सारली. मला इन्व्हर्टर कसा चालतो ते शिकवलं, शब्द सापडले नाहीत तिथे हाताने दाखवून. लोक म्हणायचे, किती शांत आहेत हो. ते खरंच होतं आणि ते तुझ्यामुळे होतं, हे मलाही दिसत होतं. तरी तुझं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. त्याने ते दिवस शहाण्यासारखे काढले. मला आणखी थोडे दिवस त्याच्याबरोबर मूर्खासारखे काढायचे होते. महाबळेश्वरला जायचं, पुढच्या दिवाळीचं बोलायचं, घर रंगवायला काढायचं. ते दिवस तू घेतलेस. हे दुसरं. यावर आपण नंतर किती वेळा बोललो, आणि दर वेळी कुठेतरी अर्ध्यावर सोडून चहा टाकला.

गाठ परत आली. तुला तर ते ठाऊकच होतं, शस्त्रक्रियेआधीच तिच्यातल्या पेशी दूर सरकून बसलेल्या असतात. दुसऱ्यांदा उघडायचं ठरलं तेव्हा अविनाशने तुझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या डोक्याकडे, मग पुन्हा तुझ्याकडे. "घे," म्हणाला. एवढा एक शब्द अगदी स्वच्छ आला. डॉक्टरांची, संस्थेची परवानगी मिळाली आणि गाठीचा एक तुकडा बर्फात ठेवून तू घेऊन गेलीस.

आणि मग तो फोन. शस्त्रक्रियेने अविनाशला फार काही मिळालं नव्हतं. उजवा हात गेला होता, तो बहुतेक वेळ झोपून असायचा. मी त्याला कूस बदलून देत होते. तुझा फोन आला आणि तू ओरडलीसच, "नीलू, जगल्या गं! प्लास्टिकवरच्या गेल्या सगळ्या, पण जाळ्यावर ठेवलेल्या जगल्या! चालायला लागल्या!"

मी फोन बंद केला. नंतर उचललाही नाही.

अविनाश गेला तेव्हा तू आलीस, मागे उभी राहिलीस आणि गेलीस. पुढच्या गुरुवारी बेल वाजली.

"आता कुणासाठी आलीस?"

"सवय," तू म्हणालीस.

मी चहा टाकला. तेवढंच झालं. पुढची कितीतरी वर्षं गुरुवारचा चहा आपण कधी आमच्याकडे, कधी कात्रजला तुझ्या गॅलरीत घेतला. मला प्रमोशन मिळत गेलं, माझ्या हाताखाली मुलं आली आणि गेली. तू वाकत गेलीस, चष्म्याचा नंबर वाढला. आपण दोघी दमलो होतो आणि ते एकमेकींना सांगावं लागत नव्हतं, एवढा आराम होता.

फार उशिरा, एका संध्याकाळी, मीच विचारलं, "त्या पेशींचं काय झालं पुढे?"

कुठल्या पेशी, असं तू विचारलं नाहीस. म्हणालीस, "त्या ज्या प्रथिनाला धरत होत्या, ते मी झाकलं. थांबल्या. मला वाटलं, झालं. मग त्यांनी दुसरंच प्रथिन बाहेर टाकलं आणि ते धरून निघाल्या."

"म्हणजे काहीच झालं नाही."

"झालं ना. दुसरं कुठलं, ते आता कळलंय."

"तू दमत नाहीस का गं?"

"रोज दमते. दमल्यावर काय करायचं ते कुणी शिकवलं नाही, म्हणून कामाला जाते."

मी हसले. तूही हसलीस. पण एक गोष्ट मी तेव्हाही सांगितली नाही, नंतरही नाही. त्या दिवशी तुझा फोन बंद केल्यावर मी अविनाशजवळ बसले आणि रागाच्या भरात त्याला सांगून टाकलं, "तुझ्या पेशी जगल्यात म्हणे. नाचतेय ती तिकडे." त्याने माझ्याकडे बघितलं. शब्द तर सगळे गेलेच होते. तो हसला, सुजाता. डाव्या हाताचा अंगठा वर करून दाखवला. शाबास म्हणायचं होतं त्याला, तुला. मी तो निरोप दिला नाही. आधी राग होता, मग लाज वाटली, मग वाटलं, आहे की वेळ, एखाद्या गुरुवारी सांगू. आता इथे सांगते आहे.

तुझ्या आईंना मी आजवर नुसती नमस्कारापुरती ओळखत होते. परवा कात्रजच्या घरी बुद्धवंदना झाली, त्रिशरण पंचशील झालं, माणसं पांगली. तुझा भाऊ सतरंज्या गुंडाळत होता. काकूंनी मला जवळ बसवून घेतलं आणि हळूच विचारलं, "बाई, एक विचारू का तुले? माही पोरगी नक्की काय करे वं? सगळे म्हणते, डोक्यातल्या गाठीचं काम करे. मंग लोकं बरे काहून नाही झाले?"

मी सॉफ्टवेअरवाली बाई. पण सांगितलं. म्हटलं, "काकू, गाठ काढली तरी परत येते, कारण तिच्यातले बारीक कण आधीच बाजूला सरकलेले असतात. ते कशाला धरून सरकतात, हे ती शोधत होती. ते समजल्याशिवाय त्यांना थांबवायचं औषध निघणार नाही."

"मंग सापडलं का तिले?"

"थोडं सापडलं. पुष्कळ राहिलं."

काकूंनी पदराने तोंड पुसलं. "मंग बाकीचं आता कोण करन?"

मी ऋतुजाचं नाव सांगितलं. तुझी शेवटची विद्यार्थिनी, हॉस्पिटलात रात्रंदिवस बसलेली ती बारकी मुलगी. काकू म्हणाल्या, "तिले जेवाले बोलाव."

मी फोन केला तर ऋतुजा आधी रडली. मग म्हणाली, "येते मी. पण एक सांगू का? मी नेक्स्ट मंथ खराडीला एका कंपनीत जॉइन होतेय. डेटाचं काम आहे. मॅमना माहीत होतं. त्याच म्हणाल्या, जा, आपल्यातल्या एकीने तरी वेळेवर जेवलं पाहिजे." तिला मी थांब म्हटलं नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

काल दुपारी ती आली. काकूंनी झुणका, भाकरी, भात केला होता. आम्ही तिघी खाली बसलो. मी मनात जुळवाजुळव करत होते, की काकूंनी विचारलं तर मी मध्येच काहीतरी बोलून विषय बदलीन, म्हाताऱ्या जिवाला इतक्यात कशाला सांगायचं. काकूंनी पहिला घास घ्यायच्या आधीच विचारलं.

"बाई, सुजीचं राहिलेलं काम तूच करशीन ना?"

मी तोंड उघडलं. पण त्या मुलीने भाकरी ताटात ठेवली, काकूंकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "नाही आजी. मी सोडून चाललेय. मला जमत नाहीये."

मला वाटलं, काकू आता रडतील. त्यांनी भाताचं पातेलं पुढे ओढलं.

"खरं बोलली ते बरं केलं," त्या म्हणाल्या. "घे. भात घे अजून."

तिने घेतला, सुजाता. मग मीही ताट पुढे केलं.